स्पाच्या रेटकार्डवरचं काय घ्यावं, काय सोडावं

स्पाचं रेटकार्ड हातात घेतलं की आधी नावांनीच गोंधळायला होतं. गोल्ड, डायमंड, रेड वाइन, डीटॉक्स, रॉयल, सिग्नेचर. नाव काहीही असो, तिथे विकल्या जाणाऱ्या गोष्टी चारच असतात: काम शिकलेल्या माणसाचे हात, त्या माणसाचा वेळ, अंगाला किंवा केसांना लावायचं द्रव्य, आणि जागा, म्हणजे एसी खोली, टॉवेल, सुगंध, संगीत. दर चढतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या गोष्टीमुळे, आणि गुण येतो तो पहिल्या दोन गोष्टींमुळे. म्हणून प्रत्येक ओळ वाचताना एवढंच विचारावं: यात किती मिनिटं कुणाचे हात चालणार आहेत, आणि ते काम मला घरी स्वतःचं स्वतः करता येईल का? निम्मं रेटकार्ड इथेच बाद होतं.

या कसोटीवर सगळ्यात वर राहते ती साधी मालिश. स्वतःची पाठ स्वतःला रगडता येत नाही. मालिशीने काय होतं तेही नेमकं माहीत असावं. आखडलेले स्नायू काही काळ सैल पडतात, व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी होणारी अंगदुखी थोडी कमी होते, कंबरदुखीला तात्पुरता उतार पडतो, मन शांत होतं. 'शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात' असं मात्र काही होत नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. 'लॅक्टिक ॲसिड निघून जातं' हेही खरं नाही. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकतं. फायदा थोड्या दिवसांचाच असल्यामुळे वर्षातून एकदा तीन तासांचं 'रॉयल' पॅकेज घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत तीन-चार वेळा साधी ६० मिनिटांची मालिश घेतलेली बरी.

दराची तुलना मिनिटावर करावी. समजा, ६० मिनिटांच्या मालिशीचे २,४०० रुपये आहेत. कागदावर मिनिटाला ४० रुपये पडतात. पण अनेक ठिकाणी त्या ६० मिनिटांत कपडे बदलणं, पाय धुणं, शेवटची अंघोळ हे सगळं धरलेलं असतं आणि टेबलावर ४५ मिनिटंच मिळतात. मग मिनिटाला ५३ रुपये झाले. दुसरीकडे ७५ मिनिटांचे ३,००० रुपये असतील आणि ती सगळी मिनिटं टेबलावरची असतील, तर आकडा मोठा दिसूनही ती जागा स्वस्त आहे. म्हणून फोनवरच विचारावं, "प्रत्यक्ष मालिश किती मिनिटं?" उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर दुसरी जागा बघावी.

प्रकार निवडताना दाबाचा विचार करा, नावाचा नको. स्वीडिशमध्ये तेल लावून लांब, मध्यम दाबाचे हात फिरवतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच घ्यावी. थाई मालिश तेलाशिवाय, सैल कपड्यांत, गादीवर होते आणि तिच्यात ताण देण्याचा भाग मोठा असतो. गुडघा, खांदा किंवा मणक्याचा जुना त्रास असेल तर ती टाळलेली बरी. डीप टिश्यूचा दर सगळीकडे जास्त असतो, आणि तो वसूल होतो फक्त शिकलेल्या हातांकडून. चांगला थेरपिस्ट कोपर किंवा अंगठा हळूहळू आत रुतवतो, स्नायू सैल पडेपर्यंत थांबतो, मग पुढे सरकतो. कच्चा थेरपिस्ट वेगात आणि जोरात घासतो, आणि दुसऱ्या दिवशी अंगावर निळे डाग उमटतात. 'डाग आले म्हणजे मालिश लागू पडली' असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका, त्याचा अर्थ त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या एवढाच. दाब सहन होण्याच्या मर्यादेत असावा. श्वास रोखून धरावा लागत असेल तर तो जास्त झाला, त्याच क्षणी सांगा. मणक्यावर थेट आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब कुणीही देता कामा नये.

हॉट स्टोनसाठी जे वरचे पैसे घेतात ते फक्त उष्णतेचे असतात. पाठ शेकायची असेल तर गरम पाण्याची पिशवी तेवढंच करते. त्यात दगड जास्त तापले तर भाजतं, विशेषतः मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या पायांना. ॲरोमाथेरपीत मूळ तेलात सुगंधी तेलाचे थोडे थेंब घातलेले असतात. दरात फरक किरकोळ असेल आणि वास आवडत असेल तर जरूर घ्या, फरक मोठा असेल तर साधं तेल पुरे.

काही वेळा मालिश घेऊच नये: एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून काढले असतील (शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते), रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ताप असेल, त्वचेवर संसर्ग असेल. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारून मगच. आणि मालिशीच्या शेवटी मान झटकन वळवून 'कटकन' आवाज काढणं कुठेही, कुणाकडूनही करून घेऊ नका, सलूनमध्ये फुकट मिळालं तरी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला पदर त्या झटक्याने फाटू शकतो आणि त्यातून पक्षाघात होतो.

आपल्याकडे मालिशीची एक जुनी सोय अजून टिकून आहे, ती म्हणजे बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला घरी येणाऱ्या मालिशवाल्या बाई. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी इतर बायकांनाही मालिश करून देतात, स्पापेक्षा कितीतरी कमी पैशांत. मिळतात फक्त हात आणि वेळ, जागा आपली, तेल आपलं. पैशांच्या हिशेबात याहून चांगला पर्याय मला दिसत नाही.

अभ्यंग (अंगभर तेलाची आयुर्वेदिक मालिश) आणि शिरोधारा (कपाळावर तेलाची धार सोडणं) यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गोव्यातल्या रिसॉर्टपासून पुण्या-मुंबईतल्या मॉलपर्यंत सगळीकडे त्या मिळतात आणि दरात प्रचंड तफावत असते. अभ्यंगाला कोमट तेल भरपूर लागतं, अंग माखून निघेल इतकं. केरळच्या पद्धतीत दोन थेरपिस्ट दोन्ही बाजूंनी एकाच लयीत हात चालवतात, त्यामुळे दर जास्त असणं रास्त आहे. दर दोघांचा आणि हात एकाचेच, असं असेल तर विचारा. तेल कोणतं ते नावाने विचारा: साधं तिळाचं, महानारायण, क्षीरबला, धन्वंतरम्. 'हर्बल ऑइल' हे उत्तर नव्हे. सीलबंद बाटली दाखवायला सांगा, चांगल्या ठिकाणी कुणाला राग येत नाही. तेल थेट गॅसवर नव्हे, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं असतं. मालिशीनंतरचं स्वेदन, म्हणजे डोकं बाहेर ठेवून पेटीत घ्यायची वाफ, १० ते १५ मिनिटांत संपावं. घेरी आल्यासारखं वाटलं की लगेच बाहेर यायचं. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते सोडूनच द्यावं.

शिरोधारेत द्रव्याचा खर्च खरा असतो. भांड्यात साधारण दीड ते दोन लिटर तेल लागतं. ते कपाळावरून वाहून खाली जमा होतं, पुन्हा कोमट करून वर ओततात. धार कपाळापासून चार अंगुळं उंचीवरून, एकसारखी, निदान ३० मिनिटं पडायला हवी. बिघडतं ते इथेच. मध्येच तेल गार होतं, थेरपिस्ट धार सोडून खोलीबाहेर जातो, धार एकाच बिंदूवर पडत राहते आणि शांत वाटण्याऐवजी डोकं जड होतं. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या ग्राहकाचं तेल गाळून पुन्हा वापरलं जातं. दोन लिटर औषधी तेलाची बाजारातली किंमत आणि शिरोधारेचा दर शेजारी ठेवून बघा. दर तेलाच्या किमतीच्याही खाली असेल तर तुमच्या कपाळावरचं तेल नवीन नाही, किंवा ते औषधी तेल नाही. 'अभ्यंग, शिरोधारा आणि स्टीम, एका तासात' अशा पॅकेजमध्ये शिरोधारेच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतात, तेवढ्यासाठी केस तेलात भिजवून घेऊ नयेत. घ्यायचीच तर स्वतंत्र, पूर्ण वेळाची घ्यावी. पंचकर्म मात्र स्पाच्या रेटकार्डवर दिसलं तर ती ओळ सरळ सोडून द्यावी. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण हे उपचार आहेत. त्यांना आधी तपासणी, नंतर पथ्य आणि वैद्याची देखरेख लागते.

आता फेशियल. इथे द्रव्याच्या नावावर सगळ्यात जास्त पैसे जातात. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो, तो एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका पातळ असला तरी मोठा रेणू त्यातून आत जात नाही. २००० साली दोन डच संशोधकांनी मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू धड त्वचेतून सहसा आत शिरत नाही. कोलाजेनचा रेणू ३ लाख डाल्टनच्या आसपास असतो. म्हणजे कोलाजेन मास्क त्वचेवर ओलावा धरून ठेवतो, त्वचेत कोलाजेन भरत नाही. सोन्याचा वर्ख चेहऱ्यावर चकाकतो आणि धुतला की जातो. उलट काहींना सोन्याची ॲलर्जी असते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ साली 'या वर्षीचं ॲलर्जीकारक द्रव्य' म्हणून सोन्याचीच निवड केली होती. हिऱ्याची पूड स्क्रबमध्ये फक्त घासण्याचं काम करते, ते काम त्याहून साधी द्रव्यंही करतात.

मग फेशियलमध्ये पैसे देण्याजोगं काय आहे? दोन गोष्टी. पहिली, ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड हाताने काढणं. पाच-सात मिनिटांच्या वाफेने छिद्रं 'उघडत' नाहीत, त्यांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. पण वाफेने आतला तेलकट खडा मऊ होतो आणि कमी दाबात निघतो. हे काम आरशासमोर स्वतः केलं तर नख लागतं, डाग पडतो. शिकलेला हात आणि निर्जंतुक केलेलं साधन इथे कामाला येतं. दुसरी गोष्ट म्हणजे चेहरा, मान आणि खांद्यांची १५-२० मिनिटांची मालिश. या दोन्ही गोष्टी साध्या फ्रूट फेशियलमध्ये असतात, आणि फक्त नाक-हनुवटीचा प्रश्न असेल तर क्लीन-अप पुरतो. नंतरची चमक येते ती वरच्या मृत पेशी निघाल्यामुळे, त्वचेत पाणी मुरल्यामुळे आणि रक्तप्रवाह वाढल्यामुळे. ती दोन-तीन दिवस टिकते, दर ८०० असो की ४,०००. हायड्राफेशियल यंत्राने होतं. पाण्याच्या जोरावर आणि हलक्या खेचाने छिद्रं साफ होतात, आणि हाताने दाबण्याचा त्रास सोसत नसलेल्यांना ते सुखाचं पडतं. पण तिथे मूळ कंपनीचं यंत्र आहे की त्याची नक्कल, हे विचारा. चेहऱ्याला टेकणारी यंत्राची टिप ग्राहकागणिक नवीन लावताना दिसली पाहिजे.

किट सॅशेचं असेल तर ते तुमच्यासमोर फाडायला सांगा. त्यावर छापील किंमत असतेच, ती वाचा. किट किती रुपयांचं आणि दर किती, हे डोळ्यांसमोर आलं की उरलेले पैसे कशाचे द्यायचे ते ठरवणं सोपं जातं. ब्लीचबद्दल एवढंच: ते लव पिवळसर करतं, त्वचा उजळवत नाही. लावण्याआधी कानामागे पॅच टेस्ट करून २४ तास थांबा. केमिकल पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं, स्पात करूच नये. आपल्या सावळ्या त्वचेला जळजळ झाली की तिथे काळा डाग उरतो, कधी कधी महिनोन्महिने, म्हणून आम्लाचं प्रमाण आणि वेळ त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवावी. सुया टोचून करायच्या प्रकारांना तर हाच नियम आणखी कडक लावा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका परवाना नसलेल्या स्पात 'व्हॅम्पायर फेशियल' (स्वतःचंच रक्त काढून ते सुयांनी चेहऱ्यात सोडणं) करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये नोंदवलं आहे.

मुरुमांसाठी अडापलीन, ट्रेटिनॉइनसारखं क्रीम लावत असाल तर चेहऱ्याचं वॅक्सिंग आणि स्क्रब यांच्या आधी ते निदान आठवडाभर बंद ठेवा, नाहीतर वॅक्सबरोबर त्वचेचा वरचा थरही निघतो. मुरुमांवरच्याच आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नकोच, आणि गोळ्या बंद केल्यावरही सहा महिने थांबा. लग्नसराईत हा घोटाळा फार होतो. समारंभाआधी काही नवीन करून बघायचं असेल तर महिना-दीड महिना आधी, आणि नेहमीचं फेशियल आठ-दहा दिवस आधी करावं.

पेडिक्युअर माझ्या मते पैसे वसूल करणारी गोष्ट आहे, विशेषतः वाकता न येणाऱ्या वयस्कर माणसांसाठी. फक्त इथे दरापेक्षा स्वच्छता बघायची. २००० साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात एकाच नेल सलूनमधून शंभरावर बायकांच्या पायांना चिघळणारी गळवं झाली. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू पाय बुडवायच्या टबच्या जाळीमागे साचलेल्या केसांत आणि मळात वाढला होता. आदल्या दिवसांत पायांचं शेव्हिंग केलेल्यांना धोका जास्त होता. म्हणून बुडबुड्यांच्या टबपेक्षा साधं घमेलं आणि त्यात एकदाच वापरायची प्लास्टिकची पिशवी केव्हाही चांगली, आणि शेव्हिंग किंवा वॅक्सिंग पेडिक्युअरनंतर. निळा दिवा लावलेल्या यूव्ही पेटीत साधनं निर्जंतुक होत नाहीत, ती फक्त साठवणीची जागा आहे. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, १२१ अंश वाफेत, दाबाखाली, १५ मिनिटं. तो नसेल तर स्वतःचं नेलकटर आणि फाइल घेऊन जा. नखाभोवतीची कातडी कापू देऊ नका, मागे ढकलू द्या, तीच जंतूंना अडवते. टाचेच्या भेगांवर ब्लेड नको, घासणी पुरते. मधुमेह असेल तर ब्लेड आणि गरम पाणी दोन्ही टाळा.

हेअर स्पाचं गणित सोपं आहे. डोक्याबाहेर आलेला केस मृत असतो, त्याला 'पोषण' देता येत नाही. क्रीममधला कंडिशनर केसाच्या खडबडीत पृष्ठभागावर चिकटतो, केस मऊ लागतो आणि दोन-चार धुण्यांत परिणाम ओसरतो. तोच डबा बाजारात मिळतो, घरी २० मिनिटं लावून गरम टॉवेल गुंडाळला की झालं. खोबरेल तेलाबद्दल मात्र ठोस पुरावा आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफूल तेल आणि खनिज तेलाने तसं होत नाही. हेअर स्पामध्ये द्यायचेच असतील तर डोक्याच्या मालिशीचे पैसे द्या, म्हणजे परत हात आणि वेळ. बेसिनवर मान मागे टाकताना खाली जाड टॉवेल ठेवायला सांगा.

केस सरळ, गुळगुळीत करणारे केराटिन आणि स्मूदनिंग त्याच रेटकार्डवर असतात, पण ते वेगळं प्रकरण आहे. काहींत फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असतं किंवा इस्त्रीच्या उष्णतेने तयार होतं. डोळे चुरचुरणं ही त्याची खूण. ते वगळून बनवलेल्या अनेक उत्पादनांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं, आणि त्यानंतर मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. बाटलीवरची घटकांची यादी वाचायला मागा. मिळाली नाही तर उठून या.

उरलेलं झटपट. पाय बुडवून पाणी तपकिरी करणारं 'आयॉनिक डीटॉक्स' घेऊ नका. मिठाच्या पाण्यात लोखंडी इलेक्ट्रोड गंजतो, पाय न घालताही पाणी तसंच होतं. अंगाला पट्ट्या गुंडाळून केलेल्या बॉडी रॅपने कमी झालेले इंच म्हणजे घाम, पाणी प्यायलं की परत येतात. फिश पेडिक्युअरचे मासे दोन ग्राहकांच्या मध्ये निर्जंतुक करता येत नाहीत. कानात मेणबत्ती लावल्याने मळ ओढला जात नाही, भाजतं मात्र. बॉडी पॉलिशिंग म्हणजे घासणं आणि तेल, घरी उटणं आणि तिळाचं तेल असेल तर त्यासाठी वेगळे पैसे नकोत.

पैसे देताना मेंबरशिपचा आग्रह होतो. 'आज २५,००० भरा, ३५,००० ची सेवा मिळेल' यात सूट खरी असते, पण मुदत, कोणत्या शाखेत चालेल, थेरपिस्ट निवडता येईल का आणि उरलेले पैसे परत मिळतील का, हे छापील कागदावर असल्याशिवाय भरू नका. ज्या थेरपिस्टच्या हाताला गुण आहे तिने नोकरी सोडली की मेंबरशिपची किंमत तिथेच उतरते, म्हणून दहापेक्षा पाच सिटिंगचं पॅकेज बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि स्पाच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. रेटकार्ड जुनं असेल तर बिलावर कराची टक्केवारी बघा, आणि छापलेला दर करासह आहे की कर वेगळा, हे आधी विचारा. कबूल केलेली मिनिटं किंवा द्रव्य मिळालं नाही तर तिथल्या तिथे मॅनेजरला सांगा, बिल जपून ठेवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.